सावलीतले हमिंगबर्ड

हमिंगबर्ड म्हटले की डोळ्यांसमोर एक ठरलेले चित्र येते. पाचूसारखी हिरवी पाठ, माणकासारखा लखलखणारा गळा आणि फुलासमोर हवेत एका जागी थांबलेला इवलासा जीव. कॅलेंडरवर, मुलांच्या वहीच्या मुखपृष्ठावर, मोबाइलच्या पडद्यावर हाच पक्षी असतो. पण याच कुळात एक मोठा गट असा आहे, ज्याच्या वाट्याला हा झगमगाट जवळजवळ आलेलाच नाही. रंग तपकिरी, मातकट, फार तर थोडी हिरवट झाक. राहणे दाट जंगलाच्या तळाशी, जिथे ऊन कवडशा-कवडशानेच पोहोचते. या गटाला पक्षीशास्त्रात ‘हर्मिट’ म्हणतात. हर्मिट म्हणजे एकांतात राहणारा. उर्दूत आपण ज्याला गोशानशीन म्हणतो तो.

दिसायला साधा असल्यामुळे हा गट शास्त्रज्ञांना फार दमवून गेला. कोण कोणाचा भाऊ, कोणती जात वेगळी आणि कोणती तीच, हे ठरवायला दोनशेहून अधिक वर्षे चाललेली खटपट अजून पूर्ण झालेली नाही. ही खटपट केवळ संग्रहालयातल्या नावांच्या पाट्यांची नाही. ज्याला वेगळे नाव नाही, त्याच्यासाठी वेगळे जंगल राखायला कोणी पुढे येत नाही. म्हणून या साध्या पक्ष्यांची ओळख करून घेऊ या.

आपल्या अंगणातला तो कोण?

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करू. हमिंगबर्ड आपल्या देशात नाहीत. आज ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांत, उत्तरेला अलास्कापासून दक्षिणेला तिएरा देल फ्युएगोपर्यंत राहतात. मराठीत त्यांना कोणी गुंजन पक्षी म्हणतात.

मग जास्वंदीवर, पपईच्या फुलावर लटकून रस पिणारा काळाजांभळा चिमुकला पक्षी कोणता? तो शिंजीर. उर्दूत त्याला शकरखोरा हे गोड नाव आहे. ‘शकरखोरे को खुदा शकर ही देता है’ ही म्हण घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडी अनेकांनी ऐकली असेल. शिंजीर आणि हमिंगबर्ड दोघेही फुलातला मध पितात, दोघांची चोच लांब, दोघांचे नर चमकदार. पण नात्याने दोघे फार दूरचे. शिंजीर हा गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या गणातला आहे, म्हणजे चिमणी आणि कावळा त्याला जवळचे. हमिंगबर्डचे जवळचे नातेवाईक आहेत पाकोळ्या, जुन्या इमारतींच्या आणि मशिदींच्या कमानींखाली घरटी करून संध्याकाळी आकाशात चिरकत फिरणाऱ्या.

इथे आणखी एक गंमत आहे. पाकोळीला आपल्याकडे बरेच लोक अबाबील म्हणतात. इंग्रजीत ज्याला स्वॅलो म्हणतात, त्या दुभंगलेल्या शेपटीच्या पक्ष्यालाही अबाबीलच म्हणतात. दोघे हवेतल्या हवेत किडे पकडतात, दोघांचे पंख लांब. पण स्वॅलो हा गाणाऱ्या पक्ष्यांच्या गणातला, आणि पाकोळी वेगळ्याच गणातली. म्हणजे शिंजीर आणि हमिंगबर्ड सारखे दिसतात, पण नाते नाही. पाकोळी आणि हमिंगबर्ड अजिबात सारखे दिसत नाहीत, पण नाते आहे. एकच काम करणाऱ्यांचे अंग एकसारखे घडत जाते. त्यावरून रक्ताचे नाते सांगता येत नाही. हर्मिटांच्या बाबतीत शास्त्रज्ञांना हाच धडा पुन:पुन्हा गिरवावा लागला.

घराण्याची वाटणी

जीवशास्त्रात वर्गीकरणाच्या पायऱ्या असतात. सगळ्यात खालची महत्त्वाची पायरी म्हणजे जाती. जवळच्या जाती मिळून प्रजाती, प्रजाती मिळून उपकुळ, उपकुळे मिळून कुळ. आडनाव, भावकी आणि गाव यांच्यासारखेच हे समजा. हमिंगबर्डचे कुळ एक. त्याचे पूर्वी सरळ दोन भाग करत असत. एका बाजूला हर्मिट आणि दुसऱ्या बाजूला उरलेले सगळे चमकदार हमिंगबर्ड. साधा रंग पाहून अनेकांना वाटे, की हर्मिट हेच मुळातले जुने हमिंगबर्ड असावेत आणि झगमगाट नंतर आला असावा.

डीएनए तपासण्याची सोय झाल्यावर हे चित्र बदलले. २०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांच्या एका गटाने २८४ जातींचा डीएनए तपासून हमिंगबर्डची वंशावळ मांडली. तीत नऊ शाखा निघाल्या. हर्मिट ही त्यातली एक जुनी शाखा आहे हे खरे. पण तिच्याइतकीच जुनी आणखी एक शाखा आहे, टोपाझ आणि जॅकोबिन नावाच्या हमिंगबर्डची. आणि टोपाझ तर सगळ्या कुळातल्या सर्वांत भपकेबाज पक्ष्यांपैकी आहेत. त्यामुळे साधा तो जुना आणि रंगीत तो नवा, हा हिशेब टिकला नाही. त्याच अभ्यासानुसार आजच्या सगळ्या हमिंगबर्डचा सामाईक पूर्वज सुमारे २ कोटी २० लाख वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत होता.

त्याहून चकित करणारी गोष्ट जर्मनीत सापडली. तिथे मिळालेल्या तीन कोटी वर्षांहून जुन्या जीवाश्मांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. लांब चोच, हवेत थांबता येईल असे पंख; तो हमिंगबर्डच्याच घराण्यातला पक्षी निघाला. म्हणजे आज ज्या खंडात एकही हमिंगबर्ड नाही, तिथे एकेकाळी त्यांचे पूर्वज उडत होते.

सहा प्रजाती

हर्मिटांच्या उपकुळात आज सहा प्रजाती धरतात. जातींची संख्या कोणती यादी हाती घेतली त्यावर थोडी कमी-जास्त होते. पण ती ३५ ते ४० च्या दरम्यान असते. उत्तरेला मेक्सिको आणि दक्षिणेला अर्जेंटिनाचा वरचा भाग, या दोहोंच्या मधल्या उष्ण प्रदेशात त्यांचा वावर आहे.

पहिली प्रजाती रॅम्फोडॉन. हिच्यात एकच जात, ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्याजवळच्या जंगलात राहणारी. ग्रीक भाषेत नावाचा अर्थ ‘दातेरी चोच’ असा होतो. नराच्या चोचीच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते आणि टोकाला आकडा असतो. हर्मिटांत हा अंगाने मोठ्यांपैकी आहे.

दुसरी यूटॉक्सेरिस, म्हणजे उत्तम धनुष्य बाळगणारा. हिच्यात दोन मुख्य जाती येतात. यांची चोच विळ्यासारखी, जवळजवळ काटकोनात खाली वळलेली. पहिल्यांदा चित्र पाहणाऱ्याला वाटते, की छापताना काही तरी गडबड झाली असावी.

तिसरी ग्लॉसिस, तीन जातींची. यातल्या एका जातीला इंग्रजीत ‘आकड्या चोचीचा हर्मिट’ म्हणतात. गंमत अशी की तिची चोच गटातल्या इतरांपेक्षा सरळ आहे. चौथी थ्रेनेटिस. हिच्याही तीन जाती, आणि गळ्यावर गडद डाग ही खूण. पाचवी अ‍ॅनोपेशिया, पुन्हा एकाच जातीची. ती ब्राझीलच्या ईशान्येकडील काटेरी, कोरड्या झुडपांच्या प्रदेशात राहते. हर्मिट म्हणजे दमट जंगलच, असे समजणाऱ्यांना या जातीने खोटे ठरवले. पूर्वी तिला पुढच्या, सहाव्या प्रजातीत टाकत असत; आता वेगळे घर मिळाले आहे.

सहावी प्रजाती सगळ्यांत मोठी, फेथॉर्निस. उपकुळातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश जाती हिच्यातच आहेत. मधली दोन पिसे पांढरी आणि लांब, डोळ्यावर-डोळ्याखाली फिकट पट्टे आणि पुढे किंचित वाकलेली लांब चोच, असा बहुतेकांचा थाट. यातली ‘तांबूस हर्मिट’ ही जात अवघ्या दोन-अडीच ग्रॅमची असते, म्हणजे अर्ध्या चमचा साखरेएवढे वजन. उलट विळ्या चोचीचे यूटॉक्सेरिस दहा ग्रॅमच्या आसपास भरतात. फेथॉर्निस या ग्रीक नावात ‘सूर्य’ आणि ‘पक्षी’ हे दोन शब्द आहेत. जो पक्षी आयुष्यभर सावलीत राहतो, त्याला सूर्यपक्षी हे नाव मिळाले!

चोच सांगेल ते फूल

हर्मिटांची विविधता रंगात शोधू नये, चोचीत शोधावी. आपल्याकडे रोपवाटिकांत हेलिकोनिया नावाचे शोभेचे झाड मिळते. केळीसारखी पाने आणि लाल-पिवळ्या होड्या एकावर एक रचल्यासारखा फुलोरा. बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या बागांतही ते दिसते. बहुतेक हेलिकोनियांचे मूळ घर अमेरिकेचा उष्ण प्रदेश, आणि तिथे त्यांचे ठरलेले पाहुणे म्हणजे हर्मिट. त्या होड्यांच्या आत लपलेली खरी फुले लांब आणि वाकडी नळी असलेली असतात. आखूड सरळ चोचीच्या पक्ष्याला तळाचा मध मिळतच नाही. हर्मिटची वाकडी चोच मात्र म्यानात तलवार जावी तशी आत जाते. बदल्यात त्याच्या कपाळाला किंवा चोचीला पराग चिकटतात आणि पुढच्या फुलापर्यंत पोहोचतात.

विळ्या चोचीच्या यूटॉक्सेरिसचा मेळ आणखी नेमका आहे. सेंट्रोपोगॉन नावाच्या वनस्पतीच्या काही जातींची फुले तशाच वळणाची असतात. इतर बहुतेक हमिंगबर्ड हवेत तरंगत पितात. हा पक्षी मात्र फुलोऱ्याला पायांनी धरून बसतो आणि मगच चोच आत घालतो.

हर्मिटांची मध गोळा करण्याची रीतही वेगळी. चमकदार हमिंगबर्डांपैकी अनेक जण फुलांनी लगडलेले एखादे झाड अडवून बसतात आणि येईल त्याला हुसकावतात. जंगलाच्या तळाशी फुले अशी एका जागी मिळत नाहीत. इथे दोन, तिथे चार. म्हणून हर्मिट रोज ठरलेल्या वाटेने फेरी मारतो. दूधवाल्याच्या रतिबासारखी घरे ठरलेली, वेळ ठरलेली. कोणत्या फुलात केव्हा मध भरतो, हे लक्षात ठेवूनच ही फेरी चालते.

या फेरीत काही फुकटे प्रवासीही असतात. फुलांत राहणारे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळीवर्गीय किडे एका फुलातून दुसऱ्या फुलात जायला हर्मिटच्या नाकपुड्यांत चढून बसतात. पक्ष्याने योग्य जातीच्या फुलात चोच घातली की क्षणार्धात चोचीवरून धावत खाली उतरतात. रॉबर्ट कोलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी या किड्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. फुलाची जात हे किडे वासाने ओळखतात. शास्त्रज्ञांना जी ओळख पटवायला भिंग लागते, ती या किड्याला जन्मजात येते.

जंगलातली मैफल

आता आवाजाकडे वळू. बहुतेक हर्मिटांचे नर विणीच्या काळात जंगलात एका ठरलेल्या ठिकाणी जमतात. प्रत्येकाची जमिनीपासून थोड्या उंचीवरची ठरलेली काडी असते. तिथे बसून, शेपटी हलवत, तो एकच छोटी तान दिवसभर आळवतो. अशा जागेवर कधी चार-सहा, तर कधी वीस-पंचवीस नर असतात. माद्या येतात, ऐकतात, निवड करतात आणि निघून जातात. अंधाऱ्या जंगलात रंग दिसणार कसा? म्हणून इथे गळ्यावरच्या माणकापेक्षा गळ्यातल्या आवाजाला किंमत आली, असे समजायला जागा आहे.

या मैफलींचा पायाभूत अभ्यास ब्रायन लाराच्या त्रिनिदाद बेटावर झाला. तिथल्या अरिमा खोऱ्यात एक संशोधन केंद्र होते, त्याचे नाव चक्क ‘सिमला’, आपल्या हिमाचलातल्या सिमल्यावरून आलेले. त्या परिसरात बार्बरा स्नो या इंग्रज पक्षीअभ्यासक बाईंनी लहान हर्मिट आणि हिरवा हर्मिट यांच्या मैफली तासन् तास बसून टिपल्या. १९६८ साली त्यांनी लहान हर्मिटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच मैफलीत शेजारी-शेजारी बसणारे नर सारखी तान घेतात आणि जरा पलीकडच्या घोळक्याची तान वेगळी असते, हे त्रिनिदादमधल्या अशा अभ्यासांतून पुढे आले.

बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतो. रत्नागिरीची कोकणी मुस्लिम बोली, मराठवाड्यातली दखनी आणि खानदेशातली बोली एका लग्नघरात जमली, तर कोण कुठला हे दोन वाक्यांत कळते. या पक्ष्यांत तसे काही मीटर अंतरावर घडते. याचा अर्थ, हे गाणे रक्तातून जसेच्या तसे येत नाही. शेजाऱ्याचे ऐकून शिकले जाते. पक्ष्यांमध्ये आवाज असा शिकणारे मोजकेच गट आहेत: पोपट, गाणारे पक्षी आणि हमिंगबर्ड. कोस्टा रिकातल्या ला सेल्वा येथे लांब चोचीच्या हर्मिटांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर प्रौढ नरही नवी तान शिकतात असे दिसले.

मैफल म्हणून सगळे गोडीगुलाबीने चालते असे नाही. त्याच ला सेल्वात २०१५ साली असे आढळले, की प्रौढ नरांच्या चोचीचे टोक माद्यांपेक्षा लांब आणि अणकुचीदार असते. काडीच्या जागेसाठी भांडताना ते खंजिरासारखे वापरले जाते. ज्याचे टोक अधिक धारदार, त्याला जागा राखता येण्याची शक्यता अधिक. तोपर्यंत चोच म्हणजे फक्त मध पिण्याचे साधन, असेच सगळे धरून चालले होते.

मैफल संपली की नराचे काम संपते. घरटे मादी एकटी बांधते. ताड किंवा हेलिकोनियाच्या लांब पानाच्या टोकाला, आतल्या बाजूने, कोळ्याच्या जाळ्याचे धागे गुंडाळून ती एक निमुळती वाटी टांगते. वरून पानाचेच छप्पर. त्यात दोन पांढरी अंडी. तोंड पानाकडे करून, मान मागे टाकून ती दिवसच्या दिवस बसते. पिलांना भरवायलाही तीच एकटी. इतके घट्ट आणि इतके हलके काम पाहिले की विणकाम करणाऱ्या आयाबहिणींनाही कौतुक वाटेल.

कातड्यांवरून दिलेली नावे

हे सगळे आपल्याला गेल्या पन्नास-साठ वर्षांत कळले. पण पक्ष्यांना नावे त्याआधीच देऊन झाली होती. वर्गीकरणाचे जनक मानले जाणारे स्वीडनचे लिनियस यांनी १७६६ साली एका हर्मिटची नोंद केली. एकोणिसाव्या शतकात युरोपात हमिंगबर्डचे वेड पसरले. बायकांच्या टोप्यांसाठी आणि हौशी संग्राहकांसाठी दक्षिण अमेरिकेतून पक्ष्यांची वाळवलेली कातडी जहाजांतून येऊ लागली. त्यातली बरीच कोलंबियाच्या बोगोटा शहरातून निघत. पक्षी नेमका कोणत्या डोंगरावर, कोणत्या जंगलात मारला, याची नोंद बहुधा नसे.

याच काळात लंडनचे जॉन गूल्ड यांनी हमिंगबर्डवर भव्य ग्रंथ काढला. १८४९ ते १८६१ या काळात त्याचे पाच खंड झाले आणि त्यात ३६० रंगीत चित्रे होती. १८५१ साली त्यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पेंढा भरलेल्या हमिंगबर्डचे प्रदर्शन मांडले. राणी व्हिक्टोरियासुद्धा ते पाहून गेली. आणि या गूल्ड साहेबांनी जिवंत हमिंगबर्ड आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो १८५७ साली, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या एका बागेत. तोवर ग्रंथाचे काम सुरू होऊन आठ वर्षे झाली होती.

यात त्यांचा दोष काढायचे कारण नाही. त्या काळी साधने तेवढीच होती. पण कातड्याला आवाज नसतो. मैफल कुठे भरते, घरटे कसे असते, कोणते फूल चालते, यातले काहीही कातडे सांगत नाही. चमकदार पक्ष्यांच्या बाबतीत रंगावरून बरेच निभावून जाते. तपकिरी हर्मिटांच्या बाबतीत निभावले नाही.

कोणी वाढले, कोणी गळाले

चुका दोन्ही बाजूंनी झाल्या. काही वेळा एकाला दोन समजले गेले. ब्राझीलचे ऑगस्तो रुश्ची हे हमिंगबर्डच्या आणि जंगलाच्या प्रेमापायी देशभर गाजलेले अभ्यासक. त्यांचे चित्र तिथल्या चलनी नोटेवरही आले. १९७३ साली त्यांनी थ्रेनेटिस प्रजातीत काळपट रंगाची एक नवी जात जाहीर केली. पुढे नमुने पुन्हा तपासले तेव्हा दिसले, की ती वेगळी जात नाही. ग्लॉसिस प्रजातीतल्या एका नेहमीच्या हर्मिटचा वयात न आलेला नर आहे. पोराला पाहून वेगळे खानदान ठरवावे, तसा प्रकार. ते नाव यादीतून गळाले.

काही वेळा दिसण्यावरून नाते जोडले गेले. अँड्रोडॉन नावाच्या एका हमिंगबर्डची चोच दातेरी आहे. रॅम्फोडॉनचीही दातेरी. म्हणून त्याला हर्मिटांत बसवले होते. प्रथिने आणि मग डीएनए तपासल्यावर तो वेगळ्याच शाखेतला निघाला. शिंजीर आणि हमिंगबर्डचा जो किस्सा, तोच इथे घरातल्या घरात घडला.

आणि काही वेळा खरोखरच वेगळा असलेला पक्षी दुसऱ्याच्या नावाखाली दडून राहिला. ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉनच्या दक्षिणेला तापाजोस नदीच्या परिसरातला एक छोटा हर्मिट १९५० साली न्यू यॉर्कच्या संग्रहालयातले जॉन झिमर यांनी लहान हर्मिटची उपजाती म्हणून नोंदवला. पुढे त्याचा तो दर्जाही गेला. हा दोन जातींच्या संकरातून झालेला पक्षी असावा, असे मत पडले आणि यादीतून तो जवळजवळ पुसला गेला. ब्राझीलच्या तीन संशोधकांनी हे प्रकरण पुन्हा उघडले. त्यांनी संग्रहालयांतले नमुने जमवून ताडून पाहिले आणि जंगलातला जिवंत पक्षीही पाहिला. हा पक्षी मोठ्या प्रदेशात पसरलेला आहे, सगळीकडे त्याची खूण एकसारखी आहे आणि त्याचे नर स्वतःच्या मैफली भरवतात. संकराने अधूनमधून होणारा पक्षी असे करत नाही. २००९ साली त्यांनी त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा परत मिळवून दिला. आज तो तापाजोस हर्मिट म्हणून ओळखला जातो. पहिल्या नोंदीनंतर ५९ वर्षांनी!

एका बाईंच्या नावाने

हर्मिटांच्या यादीत एक नाव थांबून वाचावे असे आहे: कोपके हर्मिट. पेरू देशात अँडीजच्या पूर्व पायथ्याच्या टेकड्यांवर राहणाऱ्या या जातीची ओळख १९७७ साली झाली आणि तिला मारिया कोपके यांचे नाव दिले गेले. जर्मनीत १९२४ साली जन्मलेल्या मारियाबाई पक्ष्यांच्या ओढीने पेरूत गेल्या, तिथेच संसार केला आणि देशातल्या पक्ष्यांच्या अव्वल जाणकार ठरल्या. १९६८ साली त्यांनी पतीबरोबर जंगलात पांगुआना हे अभ्यासकेंद्र उभारले.

२४ डिसेंबर १९७१ रोजी त्या १७ वर्षांच्या मुलीला, युलियानेला घेऊन विमानाने निघाल्या. वाटेत विमानावर वीज पडली आणि ते जंगलावर हवेतच तुटले. ९२ जणांपैकी एकटी युलियाने वाचली. सुमारे तीन किलोमीटर उंचीवरून ती खुर्चीसकट झाडांवर पडली. जखमी अवस्थेत ती ११ दिवस जंगलातून चालत राहिली. वाहत्या पाण्याच्या कडेने गेले की माणसांची वस्ती लागते, ही आईवडिलांनी दिलेली शिकवण तिला तारून गेली. आई मात्र वाचली नाही. पुढे युलियाने स्वतः जीवशास्त्रज्ञ झाल्या आणि पांगुआना केंद्र त्यांनीच सांभाळले. आईच्या नावाचा एक तपकिरी पक्षी आजही त्या देशाच्या टेकड्यांवर गातो आहे.

नावावर काय अडते?

कोणी विचारेल, एका मातकट पक्ष्याला एक नाव दिले काय आणि दोन दिली काय, फरक काय पडतो? आम्ही शिक्षक आहोत, म्हणून हजेरीपटाचे उदाहरण देतो. ज्या मुलाचे नाव पटावर नाही, त्याला पुस्तक येत नाही, शिष्यवृत्ती येत नाही. तो शाळा सोडून गेला तरी कोणत्याही आकड्यात दिसत नाही. जातींच्या याद्यांचे असेच आहे. कोणता पक्षी धोक्यात आहे हे जगभर ठरते ते मुख्यतः जाती धरून. तापाजोसचा पक्षी संकर समजला जात होता, तोवर त्याच्या जंगलाची तोड ही त्याच्यापुरती कोणाच्या खात्यात जमा होत नव्हती. जात म्हणून मान्यता मिळाल्यावरच तो धोक्यात आहे का, हा प्रश्न विचारता आला.

ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरचे जंगल एकेकाळी हजारो किलोमीटर पसरलेले होते. शेती, लाकूड आणि शहरे यांच्यापायी त्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग नाहीसा झाला. ‘आकड्या चोचीचा’ म्हणून ओळखला जाणारा तो ग्लॉसिस हर्मिट याच जंगलातला. आता तो एस्पिरितो सांतो आणि बाहिया या राज्यांत उरलेल्या जंगलाच्या मोजक्या तुकड्यांत सापडतो. तो वेगळी जात आहे हे पक्के ठाऊक असल्यामुळेच त्याची गणना होते आणि ते तुकडे राखण्यासाठी त्याचे नाव पुढे करता येते. त्याच्याबरोबर तिथली फुले, पानाला टांगलेली घरटी आणि नाकपुडीतून प्रवास करणारे किडेही राखले जातात.

हर्मिटांची यादी अजून बदलते आहे. मेक्सिकोपासून अ‍ॅमेझॉनपर्यंत एकच मानल्या गेलेल्या लांब शेपटीच्या हर्मिटच्या आज अनेक जाती झाल्या आहेत, आणि उद्या आवाजाची एखादी नवी नोंद किंवा डीएनएचा एखादा नवा तपास आणखी कोणाला तरी वेगळे घर देईल. त्यामुळे जुन्या आणि नव्या पुस्तकांतले आकडे जुळले नाहीत, तर मुलांना सांगावे की शास्त्र तपासत राहते, म्हणून आकडे हलतात.

घरी मुलांबरोबर करता येईल असे एक साधे काम सुचवतो. हर्मिट आपल्याकडे नाहीत, पण गॅलरीतून दिसणारे शिंजीर, चिमण्या, बुलबुल, पाकोळ्या आहेत. एका वहीत प्रत्येकासाठी एक पान ठेवावे. रंग सगळ्यांत शेवटी लिहावा. आधी लिहावे: तो कुठे बसतो, काय खातो, घरटे कशाचे बांधतो आणि आवाज कसा काढतो. महिनाभरात मुले डोळे मिटूनही पक्षी ओळखू लागतील. त्रिनिदादच्या जंगलात बार्बराबाईंनी सुरुवात केली ती याच रीतीने, एका जागी शांत बसून आणि कान देऊन.